अळंबी सोडून सगळं

७ ऑक्टोबर

पोचलो. मसाकाहून कंपालापर्यंत मी मोठं पातेलं मांडीवर घेऊन बसलो होतो, कारण त्यात ताईची दुर्बीण होती. "पातेल्याला पोचा आला तरी चालेल बोनी, दुर्बिणीला नको," असं म्हणून माझी मोठी बहीण अन्येसीताई खिडकीला डोकं टेकून झोपली ती थेट शहर आल्यावर जागी झाली. जागी झाली आणि ओरडली, "बघ, बघ, कालोली!" सगळी बस बाहेर बघायला लागली. बाहेर उकिरड्यावर ते थोराड करकोचे उभे होते, प्रवचन संपल्यावर म्हातारे पाद्री उभे राहतात तसे. ताई या पक्ष्यांवरच एम.एस्सी. करणार आहे. शेजारच्या बाईने विचारलं, "मुली, यांचंही शिक्षण असतं?" ताई म्हणाली, "यांचं नाही हो, माझं."

मी का आलो ते लिहून ठेवतो. आत्या म्हणाली, मुलगी शहरात एकटी राहणार नाही. मी नववीत शाळा सोडली, दुकानांच्या पाट्या रंगवतो, स्वयंपाक येतो, आणि आत्याच्या मते मला दुसरा काही उद्योग नाही. छातीत सारखं धडधडतंय. आनंदाने की भीतीने, ते अजून ठरलेलं नाही.

१० ऑक्टोबर

वान्देगेया भागात खोली मिळाली. पुढे पडवी आहे, तिथे चूल मांडली. घरमालकिणीला सगळी गल्ली जाज्जा म्हणते, तेव्हा ती माझीही आजी झाली. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ताईला म्हणाली, "तुझा भाऊ का हा? फारच स्वच्छ दिसतो. आजारी वगैरे नाही ना?"

पाटीवाल्याकडे काम मिळालं. पहिलीच पाटी खाटकाची. मी प्रत्येक अक्षर आधी खडूने काढतो, मग तीनदा वाचतो, मग रंग लावतो. मालक म्हणाला, "अरे, तोवर बकरा म्हातारा होईल."

ताई संध्याकाळी हसत हसतच आली. पहिल्याच दिवशी कालोलीने तिच्या हातातला रोलेक्स, म्हणजे अंडं गुंडाळलेली चपाती, पळवला, वर कागदही. तिच्या प्राध्यापकांनी ही नोंद वहीत घ्यायला सांगितली: आहार, चपाती. मी म्हटलं, "भूक लागली असेल तुला." ती म्हणाली, "बोनी, मी इतकी खूश आहे की मला भूक लागायला वेळच नाही."

१८ ऑक्टोबर

ताईच्या वर्गातला वास्वा आज जेवायला आला. उंच आहे, ताडासारखा, आणि डोक्याचा चकचकीत गोटा केलेला. दोघं मिळून उकिरड्यावर पक्षी मोजतात. जेवताना दोघं चोचीबद्दल, विष्ठेबद्दल आणि चोचीला लागलेल्या विष्ठेबद्दल बोलत होते. मी उकडलेल्या केळ्यांचं मातोके वाढताना डोळे मिटून घेतले.

त्याच्याबरोबर त्याची जुळी बहीण आली होती, नाकातो. बाजाराजवळ तिचं केस विंचरायचं दुकान आहे. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "काय रे, तू नेहमी ताटाकडे बघूनच बोलतोस का?"

मी म्हटलं, "नाही."

"मग आत्ता कोणाशी बोललास? केळ्यांशी?"

सगळे हसले. मीही हसलो, पण ताटाकडे बघूनच.

२४ ऑक्टोबर

फार मोठी गोष्ट घडली आहे. नीट क्रमाने लिहितो.

ताई पडवीत फोनवर मैत्रिणीशी बोलत होती. मी कांदा चिरत होतो. ऐकायचं नव्हतं, पण पडवी केवढीशी. ताई म्हणाली, "अगं, तो ना, काही विचारू नकोस. रोज सकाळी माझी वाट बघत उभा असतो. टक्कल आहे पूर्ण, पण चाल बघ काय रुबाबदार! आणि पाय! इतके लांब पाय मी कोणाचे पाहिलेच नाहीत. आज तर माझ्या हातून खाल्लं त्याने." मग खूप हसली. मग म्हणाली, "प्रेमातच पडले मी, खरंच."

कांदा तसाच राहिला. टक्कल. लांब पाय. रोज सकाळी. वास्वा!

मी लगेच आत्याला फोन लावला. आत्याने आधी श्वास घेतला, मग एकच विचारलं, "देवक कोणतं?"

मला माहीत नव्हतं. जुळ्यांना जुळ्यांचीच नावं ठेवतात, वास्वा आणि नाकातो, त्यावरून कुळाचा पत्ता लागत नाही. आत्या म्हणाली, "आपलं देवक अळंबी. त्याचंही अळंबी निघालं तर तो तिचा भाऊ झाला, विषय संपला. तुमच्या आईचं बिबट्या, तेही चालायचं नाही. बाकी काही असो. शोधून काढ."

"विचारू का त्याला?"

"वेडा आहेस का? देवक विचारलं म्हणजे सोयरीक काढली! आपण मुलीकडचे, आपण का तोंड उघडायचं? ताईलाही काही बोलू नकोस, बिथरेल. गुपचूप बघ."

"गुपचूप कसं बघू, आत्या?"

"तू स्वयंपाक करतोस ना?" म्हणाली आणि फोन ठेवला.

आत्या हुशार आहे. स्वतःच्या देवकाला कोणी दात लावत नाही. पानात जे टाकतील, ते त्यांचं देवक.

२८ ऑक्टोबर

चवळी केली. चवळीचं कुळ मोठं आहे, तिथूनच सुरुवात करावी म्हटलं. वास्वाने तीनदा घेतली. नाकातोने वाटी बोटाने पुसून खाल्ली आणि म्हणाली, "तुझी बायको सुखात राहील."

मी म्हटलं, "चवळी जरा कमी शिजली."

तेव्हा चवळी नाही.

१ नोव्हेंबर

सुके बारीक मासे, शेंगदाण्याच्या रश्शात. सगळं संपलं.

४ नोव्हेंबर

मेंढीचं मटण. महाग पडलं. सगळं संपलं. वास्वाने हाड फोडून आतलंही खाल्लं. ताई म्हणाली, "बोनी, आजकाल तू राजवाड्यासारखा स्वयंपाक करतोस. माझं वजन वाढलं, उकिरड्यावर चढताना धाप लागते." एखाद्या आचाऱ्याला पानं रिकामी बघून इतकं वाईट वाटलं नसेल. एक एक पान चाटून साफ होतं आणि अळंबी एक एक पाऊल जवळ येते.

८ नोव्हेंबर

कारांद्याचे कंद उकडले. नाकातो दारातच म्हणाली, "आज कोणती परीक्षा आहे?"

मी म्हटलं, "ताईची परीक्षा मार्चमध्ये आहे."

ती बराच वेळ हसली. मग कारांदे खाल्ले, मिठाशी, आणि जाताना विचारलं, "मग, पास झाले का मी?" मला वाटतं ती जरा विसरभोळी आहे. ती विद्यापीठात शिकतच नाही.

ताईच्या वर्गातल्या सगळ्यांनी मिळून आज पडवीत नाच केला. वास्वाने कालोलीची चाल करून दाखवली, हात मागे, मान खाली, पाय उंच उचलून. ताईला हसताना ठसका लागला. जाज्जा खिडकीतून ओरडली, "माझी पडवी पाडाल रे!" आणि मग स्वतःच बाहेर येऊन कमरेला ओढणी बांधून नाचली. मसाकाला असं कधी घडलं नसतं. मी भांडी घासता घासता पाय हलवत होतो. नाकातोने पाहिलं. ओढून घेतलं मला. हात साबणाचे होते.

१२ नोव्हेंबर

नाकतोड्यांचा हंगाम आला. सगळा बाजार हिरवा झाला आहे. मी पिशवीभर आणले, आणि पंख पाय खुडायचं काम फार असतं म्हणून नाकातो दुकान लवकर बंद करून आली. मी तिला बोलावलं नव्हतं. कोणी सांगितलं तिला, कोण जाणे.

आम्ही दोघं पाटावर बसून खुडत होतो. मी पंख एका ढिगात आणि पाय दुसऱ्या ढिगात ठेवत होतो. ती म्हणाली, "हे कशाला?"

"नीट दिसतं."

"टाकायचंच ना शेवटी?"

"टाकायचं असलं तरी."

ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग तीही दोन ढीग करायला लागली. तिची बोटं फार भराभर चालतात. वेण्या घालून सवय झाली असेल.

तिने कांद्यावर परतलेले नाकतोडे कढईतूनच उचलून तोंडात टाकले. कुरकुर आवाज झाला. तेव्हा नाकतोडाही नाही.

१३ नोव्हेंबर

आत्याचा फोन. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग मांबा मासा राहिला."

तोही परवा केला होता, लिहायचा राहिला. नाकातोने डोकंसुद्धा सोडलं नाही.

पण दुसरी एक अडचण आज लक्षात आली, ती आत्याला सांगण्याचं धैर्य झालं नाही. सिंह, माकड, पाणमांजर हीसुद्धा देवकं आहेत. ती बाजारात मिळत नाहीत. मिळाली तरी किती वेळ शिजवायची?

१७ नोव्हेंबर

नाकातोच्या दुकानाची पाटी मी रंगवून देतो आहे. मालकाने सांगितलं नव्हतं, मी रविवारी आपणहून गेलो. तिने विचारलं, "केवढी अक्षरं काढणार?" मी म्हटलं, "रस्त्याच्या पलीकडून वाचता येतील एवढी." ती म्हणाली, "म्हणजे तू पलीकडूनच वाचणार? आत नाही येणार?"

दुकानातल्या बायका खिदळल्या. मी 'केशालय'मधला 'श' पुन्हा तपासला. बरोबर होता.

आज वास्वाशी तिच्या लहानपणाबद्दल बोललो. म्हणजे वास्वाच्या लहानपणाबद्दल विचारायचं होतं, पण सगळे प्रश्न तिच्याबद्दलच निघाले. जुळी आहेत, तेव्हा माहिती एकच.

२३ नोव्हेंबर

बाजारात मिळणारा आता एकच पदार्थ उरला होता, आणि तो मला शिजवता येत नाही. आमच्या घरात कोणी अळंबीला हात लावत नाही. मी जाज्जाकडे गेलो. तिने सगळं ऐकून घेतलं, मध्येच तोंडाला पदर लावला, आणि म्हणाली, "माझं देवक माकड. मला काय! मी करते. पण कोणासाठी बघतोयस म्हणालास?"

"ताईसाठी."

"हं. ताईसाठी," म्हणाली आणि पदर पुन्हा तोंडाला लावला.

संध्याकाळी तिने शेंगदाण्यात शिजवलेल्या अळंबीचं पातेलं स्वतः आणून ठेवलं. मी ते पडवीच्या टोकाला ठेवायला सांगितलं. वास्वा उकिरड्यावर अडकला होता, पक्षी रात्रीच्या थाऱ्याला येतात ते बघायला. नाकातो एकटीच आली. ताईने झाकण उघडलं आणि माझ्या कानाशी पुटपुटली, "घरात अळंबी? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

मी म्हटलं, "पाहुण्यांसाठी." आम्ही दोघं पातेल्याकडे पाठ करून बसलो. जाज्जाने नाकातोला वाढलं.

नाकातोने वाटीकडे पाहिलं. मग आमच्याकडे पाहिलं. मग वाटी हळूच बाजूला सरकवली आणि म्हणाली, "हे मी नाही खाणार."

मी विचारलं, "थोडंसुद्धा?"

"थोडंसुद्धा नाही," ती म्हणाली. आणि हसली. कशी हसली, ते मला लिहिता येणार नाही.

संपलं. अळंबीच. नाकातो आमची बहीण आहे. म्हणजे वास्वा भाऊ आहे. बिचारी ताई.

२४ नोव्हेंबर

आत्याला कळवलं. ती म्हणाली, "बरं झालं, वेळेत कळलं." मला बरं झाल्यासारखं वाटत नाही. ताईसाठी इतकं वाईट वाटतं की जेवण गेलं नाही. पाटीवर 'मटण' लिहायचं होतं, मी 'मन' लिहिलं. मध्ये 'ट' घुसवायला जागा नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून अक्षर सुटलं.

नाकातोला आता काय म्हणायचं? ताई? ती माझ्याहून लहान आहे.

२६ नोव्हेंबर

ताईला सांगितलंच. दोन दिवस ती गुणगुणत हिंडते आहे, मला बघवेना. मी तिला खाली बसवलं, पाणी दिलं, आणि म्हटलं, "ताई, मन घट्ट कर. वास्वाचं देवक अळंबी आहे."

ताई म्हणाली, "बरं. मग?"

"मग तुमचं लग्न होऊ शकत नाही."

ताईने पाण्याचा पेला खाली ठेवला. "माझं आणि वास्वाचं?"

"तूच फोनवर म्हणालीस. टक्कल. लांब पाय. रोज सकाळी तुझी वाट बघतो. तुझ्या हातून खाल्लं."

ताई माझ्याकडे बघत राहिली. आधी तिचे खांदे हलले. मग ती खाटेवर आडवी झाली आणि उशीत तोंड खुपसून ओरडली. मला वाटलं रडते आहे. मी पाठीवर हात फिरवला. ती उठली तेव्हा डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हसून हसून.

"अरे गाढवा, तो कालोली आहे! मोठ्या झाडावरचा! माझ्या हातून मासा खाल्ला त्याने, प्राध्यापकांनी टाळ्या वाजवल्या!"

मी तिचा पेला उचलून पाणी स्वतःच प्यालो.

"आणि वास्वाचं गेल्या वर्षीच ठरलंय, मुकोनो गावच्या मुलीशी. तिच्याबद्दल रोज बोलतो तो. तू ऐकत नाहीस, तू त्याचं पान बघत बसतोस." मग ती एकदम थांबली. "थांब. म्हणजे हे सगळं, मेंढी, मांबा, नाकतोडे, हे देवक शोधायला चाललं होतं?"

"हो."

"आणि प्रत्येक वेळी नाकातो इथे बसलेली?"

"हो. जुळी आहेत ना."

ताई खाटेवर माझ्या शेजारी सरकली. मग तिने अगदी हळू विचारलं, "बोनी, माझं आणि वास्वाचं काही नाही, हे कळलं. आता तुला बरं वाटायला हवं. वाटतंय का?"

मी विचार केला. खरं तेच सांगितलं. "नाही."

"का नाही?"

उत्तर तोंडात न येता डोळ्यांत आलं.

ताईने माझं डोकं धरून हलवलं. "तिने अळंबी खाल्ली नाही, एवढंच तुला माहीत आहे. का नाही खाल्ली, ते विचारलंस? उद्या जा आणि तोंडाने विचार. देवाने तोंड फक्त मीठ चाखायला दिलेलं नाही."

२७ नोव्हेंबर

घाईत लिहितो आहे, अक्षर वाकडं येईल. येऊ दे.

सकाळी पांढरा सदरा घातला आणि बाजारात गेलो. दुकान भरलेलं होतं. एक बाई अर्ध्या वेण्यांची, एक तेल लावलेली, एक नुसतीच गप्पा मारायला आलेली. नाकातोच्या दातात कंगवा होता. मला बघून तिने भुवई वर केली.

मी ठरवलं होतं की बाहेर बोलवावं. पण तोंड उघडलं आणि निघालं ते सरळच निघालं, सगळ्यांसमोर.

"तुमचं देवक कोणतं?"

कंगवा खाली पडला. मग अर्ध्या वेण्यांची बाई ओरडली, "अगं बाई, विचारलं! यानं विचारलं!" आणि तिघींनी जिभा हलवून असा काही आनंदाचा चीत्कार केला की शेजारचा चपातीवाला लाटणं घेऊन धावत आला.

मी म्हटलं, "अळंबी असेल तर सांगून टाका. मी जातो."

"अळंबी?" ती म्हणाली. "अळंबी तर तुमचं आहे ना! तुम्ही दोघं भावंडं पातेल्याकडे पाठ फिरवून बसलात, तेव्हाच कळलं मला. ज्या घरात जेवते, त्या घरच्या देवकाला मी तुमच्यासमोर दात लावू?"

मी केस धुवायच्या खुर्चीत बसलो.

"मग तुमचं?"

"महिनाभर शिजवतो आहेस," ती कंगवा उचलत म्हणाली. "मासे झाले, मेंढी झाली, कंद झाले, किडेसुद्धा झाले. मी प्रत्येक वेळी म्हणते, आज विचारेल, आज विचारेल. आणि हा विचारतो काय? मीठ बरोबर आहे का!" तिने बायकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हत्ती. माझं देवक हत्ती. तेवढा एक राहिला तुझ्या पातेल्यात मावायचा."

हत्ती! आमचं नाही. आईचंही नाही. मी मनात दोनदा तपासलं, अक्षर तपासावं तसं. दोन्ही वेळा बरोबर आलं.

गप्पा मारायला आलेली बाई म्हणाली, "अरे पोरा, बसून काय राहिलास? काहीतरी बोल की!"

मी म्हटलं, "मीठ बरोबर होतं का?"

नाकातो म्हणाली, "एकदाच कमी होतं. त्या दिवशी तू माझ्याकडे बघत होतास."

दुपारी आत्याला फोन केला. म्हटलं, "आत्या, हत्ती."

"कसला हत्ती? तो मुलगा तर भाऊ निघाला ना?"

"मुलगा नाही. मुलगी. ताईचं नाही, आत्या. माझं."

मग आत्याने तिकडे मसाकात असा चीत्कार केला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला, आणि पडवीतून जाज्जाने त्याला इकडून उत्तर दिलं. दोघींची कधी भेटही झालेली नाही.

ताई उकिरड्यावरून आली, चिखलाने भरलेली, आणि बुटांसकट मला उचलून गोल फिरवलं. म्हणाली, "माझा शोधनिबंध व्हायला दोन वर्षं लागणार. तुझा महिन्यात झाला. तोही चुकीच्या प्राण्यापासून सुरुवात करून!"

उद्या नाकातोने जेवायला बोलावलं आहे, तिच्या घरी, तिच्या आईसमोर. सदरा धुऊन दोरीवर घातला आहे. काय शिजवणार आहे ते मी विचारलं नाही. जे पानात येईल ते खाणार आहे.